लेकीला कडेवर घेऊन सातासमुद्रापार

१८८३ सालच्या २० एप्रिलला मुंबईहून विलायतेला निघालेल्या आगबोटीवर पंडिता रमाबाई होत्या. वयाची पंचवीस वर्षे पूर्ण व्हायला तीन दिवस उरले होते. पती जाऊन सव्वा वर्ष झाले होते. सोबत आनंदीबाई भगत नावाची एक मैत्रीण होती आणि कडेवर नुकतीच दोन वर्षांची झालेली लेक, मनोरमा. रमाबाईंना इंग्लंडात जाऊन वैद्यकीचे शिक्षण घ्यायचे होते आणि डॉक्टर होऊन परत यायचे होते. ज्या काळात ब्राह्मण विधवेने घराचा उंबरठा ओलांडणेही कठीण होते, त्या काळात ही विधवा एका तान्हुलीला घेऊन समुद्र ओलांडत होती.

रमाबाईंविषयी महाराष्ट्रात पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांची विद्वत्ता, त्यांचे धर्मांतर, त्यांचे शारदा सदन आणि त्यावरून उठलेले वादळ हे विषय शंभराहून अधिक वर्षे चर्चेत आहेत. पण आपले स्वप्न पुरे करण्यासाठी परक्या देशात राहायला गेलेली आई, आणि त्या स्वप्नाबरोबर न विचारता नेली गेलेली तिची मुलगी, या दोघींची गोष्ट त्या वादात बहुधा मागे पडते. वास्तविक रमाबाईंच्या परदेशातील सहा वर्षांचा उलगडा मनोरमेकडे पाहिल्याशिवाय होत नाही.

त्यासाठी आधी रमाबाईंच्या स्वतःच्या बालपणाकडे जावे लागते. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे कर्नाटकातील चित्पावन ब्राह्मण. विद्यार्थिदशेत ते पुण्याला होते. त्यांचे गुरू वाड्यात पेशव्यांच्या पत्नीला संस्कृत शिकवीत असत. हे पाहून आपल्या पत्नीलाही संस्कृत शिकवायचे, असे अनंतशास्त्रींच्या मनाने घेतले. पहिली पत्नी आणि घरची मंडळी यांनी ते होऊ दिले नाही. पुढे दुसऱ्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, त्यांनी शिकवायला घेतले तेव्हा गावात आणि नात्यात विरोध झाला. तेव्हा अनंतशास्त्री पश्चिम घाटातील गंगामूळच्या रानात जाऊन राहिले. तिथेच २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला.

रमा सहा महिन्यांची असताना हे बिऱ्हाड रानातून हलले. पाहुण्यांचे आणि विद्यार्थ्यांचे आदरातिथ्य करता करता शास्त्रीबोवांवर कर्ज झाले होते. तान्ह्या रमेला वेताच्या पेटीत घातले आणि एका माणसाने ती पेटी डोक्यावर घेऊन डोंगर उतरला. ही हकीकत रमाबाईंनीच पुढे लिहून ठेवली आहे. तेव्हापासून जवळजवळ सोळा वर्षे हे कुटुंब तीर्थाटन करीत हिंडत राहिले. देवळात, नदीकाठी पुराण सांगायचे, लोक जे देतील त्यावर निर्वाह करायचा आणि पुढच्या क्षेत्राला निघायचे. मुलीने शिकावे, हा वडिलांचा ध्यास. शिकवणारी मात्र आई. दिवसभराच्या कामात वेळ मिळत नसे म्हणून लक्ष्मीबाई पहाटे लेकीला कुशीत घेऊन जागे करीत आणि श्लोक म्हणवून घेत. भागवताचे हजारो श्लोक रमेला असे पाठ झाले.

या ध्यासाची किंमतही मुलांनीच मोजली. १८७० च्या दशकातील दुष्काळात जवळचे सगळे संपले. शास्त्रीबोवांनी मुलांना पुराण सांगण्यापलीकडे पोट भरण्याची कोणतीही विद्या शिकवली नव्हती. आधी वडील, मागोमाग आई आणि मग थोरली बहीण असे तीन मृत्यू थोड्या थोड्या अंतराने झाले. उरले ते रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास. दोघे पायी हजारो मैल हिंडले, उपाशी राहिले, थंडीत उघड्यावर झोपले. बापाच्या स्वप्नामागे फरफटलेले हे लेकरू. पुढे स्वतः आई झाल्यावर लेकीला घेऊन रस्त्याला लागण्याचे भय त्यांना वाटले नाही, याचे कारण कदाचित इथेच असावे. घर म्हणून एका जागी थांबणे त्यांना कधी ठाऊकच नव्हते.

१८७८ साली ही भावंडे कलकत्त्याला पोचली. वीस वर्षांची एक मुलगी अस्खलित संस्कृत बोलते, शास्त्रे सांगते, हे पाहून तिथले पंडित थक्क झाले. त्यांनी तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. दोनच वर्षांत श्रीनिवासही गेला. त्याच वर्षी, १८८० मध्ये, रमाबाईंनी बिपिन बिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. मेधावी ब्राह्मण नव्हते. जात आणि प्रांत दोन्ही ओलांडणारा हा विवाह त्या काळी कोणालाच पचणारा नव्हता. संसार आसामातील सिल्चरला मांडला. एप्रिल १८८१ मध्ये मुलगी झाली आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने मेधावी गेले. संसार उणापुरा दीड वर्षाचा. तेविसाव्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या, तेव्हा मनोरमा दहा महिन्यांची होती.

त्यानंतर रमाबाई पुण्यास आल्या. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर या सुधारकांनी त्यांचे स्वागत केले. आर्य महिला समाजाची स्थापना झाली. 'स्त्रीधर्मनीति' हे त्यांचे पुस्तक १८८२ मध्ये निघाले. त्याच वर्षी शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. मुलींच्या शाळांना स्त्री शिक्षिका हव्यात आणि स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टर हव्यात, हे त्यांनी आग्रहाने मांडले. पुरुष डॉक्टरपुढे जाण्याच्या संकोचाने कितीतरी बायका उपचाराविना मरतात, हे त्यांनी देशभर हिंडताना पाहिले होते. मागणी करणाऱ्याने स्वतः पुढे व्हावे, असा त्यांचा पिंड होता. आपणच डॉक्टर व्हायचे, असे त्यांनी ठरवले.

यात एक योग असा की, त्याच एप्रिल महिन्याच्या ७ तारखेला कलकत्त्याहून आनंदीबाई जोशी अमेरिकेला निघाल्या होत्या. त्याही डॉक्टर होण्यासाठीच. नात्याने त्या रमाबाईंच्या दूरच्या आप्त. आनंदीबाईंचे मूल जन्मून दहा दिवसांत गेले होते आणि त्या दुःखातून त्यांची वैद्यकीची ओढ बळावली होती. त्यांच्यामागे हट्टाने शिकवणारा नवरा होता, मूल नव्हते. रमाबाईंना मूल होते, मागे कोणी नव्हते. आईवडील, भाऊ, बहीण, नवरा सगळे गेलेले. मुलीला ठेवायचे म्हटले तरी कोणाच्या पदरात ठेवणार? म्हणून मनोरमेला बरोबर नेणे हा धाडसाचा भाग होता, तसा तो नाइलाजाचाही होता.

पुण्यात इंग्लंडच्या वाँटेज गावच्या सेंट मेरी मठातील जोगिणी काम करीत होत्या. त्यांच्याशी परिचय झाला होता आणि त्यांच्याकडे रमाबाईंचे थोडेफार इंग्रजी शिक्षणही सुरू झाले होते. विलायतेत मठात राहायची सोय करायची आणि त्या बदल्यात हिंदुस्थानात येऊ घातलेल्या जोगिणींना रमाबाईंनी मराठी शिकवायचे, असे ठरले. 'स्त्रीधर्मनीति'च्या विक्रीतून बोटीचे भाडे निघाले. रमाबाईंनी फुकट काही घेतले नाही, हे इथे मुद्दाम नोंदवावेसे वाटते. ख्रिस्ती होणार नाही, असेही त्यांनी निघताना आपल्या माणसांना सांगितले होते. प्रवासाची हकीकत त्यांनी सदाशिव पांडुरंग केळकर यांना लिहिलेल्या लांब पत्रात कळवली. ती त्याच वर्षी 'इंग्लंडचा प्रवास' या नावाने छापली गेली.

मे महिन्यात तिघी वाँटेजला पोचल्या. बर्कशायर परगण्यातले (आता ते ऑक्सफर्डशायरमध्ये मोडते) हे लहानसे गाव. मठाचा दिनक्रम घंटेवर चाललेला, भोवती परकी भाषा आणि परके अन्न. त्या शरद ऋतूत आनंदीबाई भगत यांनी मठातच विष घेऊन आत्महत्या केली. रमाबाईंना या आघाताने पुरते हादरवून सोडले. परमुलखात आपल्या भाषेत बोलायला एकच माणूस होते, तेही गेले. उरली अडीच वर्षांची मुलगी.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. त्याच दिवशी मनोरमेलाही दीक्षा देण्यात आली. सिल्चरला पतीच्या पुस्तकांत बंगालीतले लूकचे शुभवर्तमान त्यांच्या हाती आले होते, तेव्हापासून हा विचार मनात होता. पतितांना आणि अनाथ स्त्रियांना जवळ करणाऱ्या जोगिणींचे काम पाहून तो पक्का झाला. पुण्यात या बातमीने गहजब उडाला. ज्यांनी डोक्यावर घेतले होते, त्यांनीच पाठ फिरवली.

त्याच सुमारास ज्या स्वप्नासाठी एवढा प्रवास केला, ते स्वप्नही हातचे गेले. रमाबाईंना कमी ऐकू येऊ लागले होते आणि बहिरेपणा वाढत होता. वैद्यकीच्या शिक्षणासाठी त्या अपात्र ठरल्या. सोबतीण गेलेली, धर्म बदललेला, मायदेशात निंदा चाललेली आणि डॉक्टर होणे अशक्य झालेले. एखादी परत फिरली असती. रमाबाई थांबल्या आणि त्यांनी स्वप्न बदलले. डॉक्टर होता येत नसेल, तर शिक्षिका व्हायचे.

१८८४ मध्ये त्या चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात दाखल झाल्या. इंग्लंडातील स्त्रीशिक्षणात मोठे नाव असलेल्या डोरोथिया बील तिथल्या प्राचार्या होत्या. रमाबाई तिथे गणित, विज्ञान, इंग्रजी साहित्य शिकत आणि संस्कृत शिकवीत. मनोरमेचा पुष्कळसा काळ वाँटेजला सिस्टर जेराल्डिन यांच्याजवळ जाई. या जेराल्डिन म्हणजे रमाबाईंच्या मानलेल्या धर्ममाता. मायलेकी त्यांना आजीबाई म्हणत. इंग्रजी पत्रांच्या मायन्यातही रमाबाई त्यांना आजीबाई असेच संबोधीत. या एका शब्दात केवढे नाते आहे! ज्या मुलीला दोन्हीकडची आजी उरली नव्हती, तिला आईने परक्या देशात एक आजी मिळवून दिली होती.

पण आजी म्हटली की नातवंडावरचा हक्कही आला आणि तिथेच खटके उडू लागले.

मठाच्या दृष्टीने रमाबाई ही नवी भाविक होती. तिने वडीलधाऱ्यांचे ऐकावे, मनात प्रश्न आणू नयेत, अशी त्यांची अपेक्षा. रमाबाईंनी तर वडिलांच्या मांडीवर शास्त्रार्थ ऐकलेला. मूळ ग्रंथ पाहिल्यावाचून त्या कोणतीही गोष्ट मानीत नसत. त्रैक्याचा सिद्धान्त, चर्चचा अधिकार, चमत्कार या सगळ्यांवर त्यांनी जेराल्डिन आणि बीलबाईंशी पानेच्या पाने वाद घातला. अंडे घातलेले पुडिंग त्या खात नसत. ख्रिस्ती झाल्यावरही शाकाहार सोडला नाही, तेव्हा हा जातीचा अभिमान आहे असे जोगिणींना वाटले. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत, असाही त्यांचा प्रश्न होता. लॅटिन ना त्यांची भाषा ना त्यांच्या देशबांधवांची. चेल्टनहॅमला पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याची गोष्ट निघाली तेव्हा मुंबईच्या आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. यामुळे हिंदुस्थानात तिच्याविषयी गैरसमज होईल, असे त्यांचे म्हणणे. कलकत्त्याच्या पंडितसभेत बोलून आलेल्या बाईला हा उपदेश! रमाबाई संतापल्या.

या सगळ्यात जिव्हारी लागणारा प्रश्न मनोरमेचा होता. मठाला वाटे, मुलीला लहानपणापासून पक्की शिकवण मिळावी, आईच्या शंकाकुशंका तिच्यापर्यंत जाऊ नयेत. रमाबाईंना वाटे, जे मला स्वतःला पटले नाही ते माझ्या मुलीकडून पाठ करून घेण्याचा अधिकार कोणालाही नाही. मुलीविषयीचा शेवटचा शब्द आईचा, हे त्यांनी स्पष्ट शब्दांत कळवले. दुसरी चिंता याहून मोठी होती. मनोरमा वाँटेजला वाढली तर ती इंग्रज होईल, परत आल्यावर आपल्या देशभगिनींकडे वरून पाहील, असे त्यांना भय वाटे. लेकीने हिंदी माणसांत हिंदी म्हणूनच वाढावे, आपल्या नावाची तिला लाज वाटू नये, हे त्यांनी पत्रांतून पुन्हा पुन्हा सांगितले.

जेराल्डिन यांची बाजूही समजून घ्यायला हवी. पोर त्यांच्याजवळ राही. तिचे आजारपण, तिचे कपडे, तिचा अभ्यास त्या पाहत. आई अभ्यासात आणि वादात गुंतलेली. जो मूल सांभाळतो त्याला त्या मुलाविषयी बोलण्याचा काही अधिकार असतो, हे आपल्याकडच्या एकत्र कुटुंबातही मानले जाते. रमाबाईंनी मूल सोपवले आणि अधिकार सोपवला नाही. माझ्या मते त्यांचे तत्त्व बिनचूक होते, पण त्यांनी जेराल्डिनकडून जे मागितले ते कोणत्याही माणसाला जड जाणारे होते. तरीही नाते तुटले नाही, हे दोघींचे मोठेपण.

१८८६ च्या आरंभी अमेरिकेहून बोलावणे आले. आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर होत होत्या. त्या समारंभाला यावे, असे महाविद्यालयाच्या प्रमुख रेचल बॉडली यांनी कळवले. मठातल्या मंडळींना हे जाणे पसंत नव्हते. रमाबाई गेल्या. फेब्रुवारीच्या कडाक्याच्या थंडीत मनोरमेला घेऊन त्यांनी अटलांटिक ओलांडला. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंनी पदवी घेतली, तेव्हा ती पाहायला रमाबाई हजर होत्या. जे स्वप्न घेऊन दोघी एकाच महिन्यात घर सोडून निघाल्या, ते एकीचे पुरे झाले होते आणि दुसरी ते पाहत होती. पुढे वर्षभरातच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, आनंदीबाई पुण्यात क्षयाने वारल्या. त्यांचे वय तेव्हा अवघे एकवीस.

काही महिन्यांसाठी म्हणून गेलेल्या रमाबाई अमेरिकेत जवळजवळ तीन वर्षे राहिल्या. तिथल्या सार्वजनिक शाळा, स्त्रियांच्या संस्था, मोकळेपणा हे सारे त्यांना इंग्लंडहून अधिक मानवले. फिलाडेल्फियात त्यांनी फ्रोबेलच्या किंडरगार्टन पद्धतीचे शिक्षण घेतले. खेळातून, वस्तूंतून, गाण्यांतून लहान मुलांना शिकवण्याची ही रीत हिंदुस्थानात न्यायची आणि बालविधवांसाठी शाळा काढायची, असा बेत पक्का झाला. मराठी क्रमिक पुस्तकेही त्यांनी तिथेच लिहायला घेतली.

मात्र या बेतासाठी पैसा हवा होता आणि पैशासाठी गावोगाव व्याख्याने देत हिंडणे भाग होते. पाच वर्षांच्या मुलीला घेऊन आगगाडीने असे हिंडणे शक्य नव्हते. मनोरमेला पुन्हा इंग्लंडला, आजीबाईंकडे पाठवण्यात आले. दुसऱ्यांच्या मुलांना कसे वाढवावे याचे शास्त्र आई एका खंडात शिकत होती आणि तिचे स्वतःचे मूल दुसऱ्या खंडात दुसरीच बाई वाढवीत होती. रमाबाईंच्या चरित्रातील हा विरोध झाकण्यात अर्थ नाही. त्यांनाही तो टोचत असला पाहिजे, कारण आईच्या हातून इंग्लंडकडे पत्रे जात राहिली. ज्या जेराल्डिनशी मुलीवरून भांडण झाले होते, विश्वासाने मुलगी सोपवावी असे माणूसही जगात तेच एक होते.

मनोरमेला लिहिलेल्या पत्रांत उपदेश आहे, पण त्याहून गोष्टी अधिक आहेत. हॅरिएट टबमन या निग्रो वीरांगनेची हकीकत त्यांनी लेकीला पत्रातून कळवली. स्वतः गुलामगिरीतून पळालेली आणि पुन्हा पुन्हा जिवावर उदार होऊन इतर गुलामांना सोडवून आणणारी ही बाई रमाबाईंना भेटली होती. धिप्पाड हॅरिएटने आपल्याला अस्वलासारखी मिठी मारली आणि हात असा दाबून हलवला की तो दुखू लागला, असे त्यांनी लेकीला गमतीने लिहिले. सहा वर्षांच्या मुलीला हसू यावे, म्हणून लिहिलेले हे वाक्य वाचताना, वादात कठोर दिसणाऱ्या रमाबाई एकदम जवळच्या वाटू लागतात.

१८८७ मध्ये फिलाडेल्फियात त्यांचे 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' हे पुस्तक निघाले. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या, विशेषतः बालविधवेच्या, स्थितीचे ते चित्र होते. बॉडली यांनी प्रस्तावना लिहिली. रमाबाईंनी पुस्तक अर्पण केले ते आपल्या आईच्या स्मृतीला. पहाटे कुशीत घेऊन शिकवणाऱ्या लक्ष्मीबाईंना. पुस्तकाच्या हजारो प्रती खपल्या. त्या वर्षाच्या डिसेंबरात बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि शाळेचा खर्च दहा वर्षे चालवण्याचे तिने मान्य केले. शाळेत धर्मप्रसार करायचा नाही, ही अट दोन्ही बाजूंना मान्य होती. १८८८ च्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोहून निघून जपानमार्गे रमाबाई परतल्या. १ फेब्रुवारी १८८९ रोजी त्या मुंबईला उतरल्या. ज्या दिशेने गेल्या होत्या तिच्या उलट दिशेने, पृथ्वीला फेरी घालून. अमेरिकेवरचे त्यांचे 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' हे मराठी पुस्तक त्याच वर्षी प्रसिद्ध झाले. आजही ते अतिशय वाचनीय आहे.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. आनंदीबाईंच्या पदवीदानाला त्या दिवशी बरोबर तीन वर्षे झाली होती. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई नावाची एक तरुण विधवा होती. हीच पुढे आनंदीबाई कर्वे, म्हणजे महर्षी कर्व्यांच्या पत्नी झाली. या सदनात मनोरमा आईजवळ आली. आता ती एकटी लेक नव्हती. आईभोवती तिच्याच वयाच्या आणि तिच्याहून मोठ्या मुलींचा घोळका होता. लेकीने हिंदी मुलींत हिंदी म्हणून वाढावे, ही वाँटेजहून धरलेली इच्छा इथे पुरी झाली. आई तिच्या वाट्याला किती आली, हा प्रश्न निराळा.

पुढची हकीकत सर्वश्रुत आहे. १८९० मध्ये सदन पुण्याला आले. रमाबाई पहाटे आपल्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे असे आणि काही मुली तिथे येऊन बसत. सदनात ख्रिस्ती धर्म शिकवला जातो, असा आरोप होऊन १८९३ मध्ये मोठे वादळ उठले. रानडे, भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंचे म्हणणे असे की, माझ्याच घरात मी दार लावून का प्रार्थना करावी? चेल्टनहॅमला बिशपांना दिलेल्या उत्तराचाच हा सूर होता. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो निराधार मुलींना घेऊन आल्या. आपले आईवडील भुकेने कसे गेले, हे त्या विसरल्या नव्हत्या. केडगावला मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या सुमारास तिथली वस्ती दोन हजारांच्या घरात गेली होती. शेती, विणकाम, दुग्धालय, छापखाना, सगळे बायकाच चालवीत.

मनोरमेला आईने शिक्षणासाठी पुन्हा परदेशी पाठवले. आधी इंग्लंड, मग अमेरिका. या खेपेस ती आईशिवाय होती. विसाव्या शतकाच्या तोंडावर ती परतली आणि आईच्या कामाला लागली. शारदा सदनाच्या शाळेची जबाबदारी तिने घेतली, अंधांना ब्रेल लिपी शिकवली, पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून बी.ए. झाली. गुलबर्ग्याला मुलींची शाळा काढण्यातही तिचा मोठा वाटा होता. तिने लग्न केले नाही. स्वतःचे असे वेगळे आयुष्य तिने मागितलेच नाही, की मागण्याची सवडच मिळाली नाही, असा विचार तिच्याविषयी वाचताना मनात येतो. रमाबाईंच्या मागे मुक्ती मिशन चालवणार ती मनोरमाच, असे सगळे धरून चालले होते.

तसे झाले नाही. २४ जुलै १९२१ रोजी, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, मनोरमा वारली. रमाबाई तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या होत्या, कानांनी जवळजवळ बहिऱ्या. हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळ ग्रंथांवरून केलेल्या बायबलच्या मराठी भाषांतराचे काम अजून चालू होते. सामान्य बाईला वाचता यावे अशा मराठीत ते त्यांना करायचे होते. लेक गेल्यावरही मुद्रिते तपासणे त्यांनी थांबवले नाही. ते काम संपवून ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावला त्यांनी देह ठेवला. लेकीच्या मागे त्या नऊ महिनेही राहिल्या नाहीत.

वाँटेजच्या आजीबाईंनी मायलेकींची सर्व पत्रे जपून ठेवली होती. ज्या पत्रांत त्यांच्या स्वतःवर टीका होती, तीही त्यांनी फाडली नाहीत. ती क्रमवार लावून, आपली टिपणे जोडून ठेवली. अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये ती मुंबईत प्रसिद्ध केली. मुंबईहून ती आगबोट सुटल्याला तेव्हा चौऱ्याण्णव वर्षे झाली होती.